हिरवा रंग, भुकेचा

जव्हार, मंगळवार. भादव्याची संध्याकाळ, बाहेर सगळं हिरवंगार.

बालआहाराचं पोस्टर आज संपवलं. हसरं बाळ, मागे गडद हिरवा रंग. हिरवा म्हणजे आरोग्य, डिझाइनच्या कॉलेजात हेच तर घोकलं होतं. आईला दाखवलं तर म्हणाली, "पोर हसतंय आन् मागं भुकेचे दिस कशाला लावलेस?"

आधी कळेचना. मग आठवलं. खोडाळ्याजवळच्या आमच्या पाड्यावर शेतं अशी हिरवी व्हायची, तेव्हाच घरातली धान्याची कणगी रिकामी असायची. भात उभा, पण कच्चा, खायचा कसा? आई कणगीत खांद्यापर्यंत हात घालून तळ चाचपायची, आम्ही तिचं तोंड बघायचो. नागलीची, म्हणजे नाचणीची, कणसं तांबूस झाली की ती हसायची. आमचा पोटभरीचा रंग तो! मी कशी विसरले?

उपाशी दिवस ते. तरी आज त्यांची इतकी ओढ का लागावी? चुलीवरच्या रानभाजीचा वास, आईला टेकून बसणं...

पोस्टर तांबूस केलं. ऑफिसात साहेब विचारतीलच, हिरवा का नाही. विचारू देत.

मघाशी आईने भातासाठी तांदळाचा डबा उघडला. कालच भरलाय. तरी तिने आत हात घातला, पार तळापर्यंत, आणि मगच झाकण लावलं.