आत्याचा गढूळ ग्लास

३ ऑक्टोबर
ताटाशेजारी ग्लास. मला वाटलं चहा! उचलला, तोंडाला लावणार, तर आत्या म्हणाली, “पी, पी. तुझ्याच टेकडीचा आहे.”

कालच्या सरीने आमच्या साइटवरची तांबडी माती वाहत आली ती थेट आत्याच्या विहिरीत. वर टेकडीवर घरं व्हायची आहेत. झाडझाडोरा काढून जमीन सपाट करायचं काम माझ्या देखरेखीखाली, पायथ्याशी आत्याचं घर, आणि त्याच घरात मी पाहुणी! तिने मला गरम गरम वाढावं आणि मी तिच्याच अन्नात माती कालवावी. शाब्बास!

साइटवर माझ्यासाठी खोली तयार आहे. स्वतंत्र न्हाणीघर! पहाटेचा रेडिओ नाही, ‘हे काय केस’ नाही, ‘कुठे निघालीस, कधी येशील’ नाही. या आठवड्यात जाणार होते. आत्याने निकाल दिला — विहीर नितळेपर्यंत हलायचं नाही. तोवर प्यायचं पाणी शेजारच्या नळावरून, आणि तेही मी भरायचं. विहिरीवर पत्रा ठेवलाय. तो उचलायचा नाही. आधी वरचं निस्तर, म्हणे, पाणी कसं आहे ते मी रोज ग्लासात दाखवीन.

ठीक आहे. विहीर नितळली की मी चालले!

४ ऑक्टोबर
दोन बादल्या, चार खेपा. खांदे गेले.

५ ऑक्टोबर
मशीनवाल्या दादांशी वाजलं. त्यांना सगळी टेकडी एका दमात भादरायची आहे. मी म्हटलं, एक तुकडा मोकळा करा, त्यावर पेंढा पसरा, मगच पुढचा. आणि ओढ्याकाठच्या झुडपांच्या पट्ट्याला हातही लावायचा नाही, वरची माती तिथे अडली पाहिजे. गडी भलताच दुखावला. वीस वर्षांत कधी अर्धवट काम केलं नाही म्हणाले, आता काय डोकं तासायचं आणि दाढी ठेवायची?

म्हटलं, हो, तेच करायचं.

संध्याकाळपर्यंत सगळी साइट त्या पट्ट्याला ‘दाढी’ म्हणायला लागली.

८ ऑक्टोबर
साहेब आले. पेंढा बघून विचारतात, इथे गुरं कधी आणली? आभाळ भरतंय, सगळं एकदम उरका, असा हुकूम. शेवटी चहाच्या निमित्ताने त्यांना आत्याकडे नेलं.

आत्याने पुढे ग्लास ठेवला. साहेबांनी घोट घेतला. चेहरा बघण्यासारखा! दाताखाली कचकच आली असणार. आत्या शांतपणे म्हणाली, “साखर कमी झाली का?”

परत जाताना माझं सगळं मान्य. पेंढा, दाढी, खालच्या अंगाला गाळ बसायला मोठा खड्डा, पुढे कापडाचं कुंपण, सगळं! पण जाता जाता बजावलं — एवढा खर्च करून पुन्हा चिखल खाली गेला, तर या कामावर दुसरा माणूस.

म्हणजे माझं पहिलं स्वतंत्र काम आत्याच्या ग्लासात आहे.

११ ऑक्टोबर
खड्डा झाला. आत्या छत्री टेकत टेकडी चढून तपासणीला आली! कुंपणाचं कापड ओढून पाहिलं, मशीनवाल्या दादांना दोन गोष्टी सुनावल्या. ते हात बांधून उभे. माझ्यापुढे कधी उभे राहिले नाहीत असे.

१४ ऑक्टोबर
दुपारी सर आली. मी खड्ड्याशी भिजत उभी. वरून येणारं पाणी लाल, बाहेर जाणारं स्वच्छ! नाचायचीच बाकी होते. धावत घरी आले.

ग्लास गढूळ.

१६ ऑक्टोबर
आजही गढूळ. सगळी हद्द पालथी घातली, कुठूनही माती सुटत नाही. मशीनवाले दादा तर हातघाईवर आले. दाढीतून एक थेंब घाण गेला असेल तर मिशी उतरवतो, म्हणाले! साहेबांचा फोन आला तो उचललाच नाही. रडू आलं, खरंच आलं.

आत्या मात्र मजेत. गुणगुणत भाजी निवडत होती. “होईल गं,” म्हणाली, “घाई काय आहे?”

तिचं काय जातं! काका गेल्यापासून या घरात रेडिओच तेवढा बोलायचा. आता ओरडा खायला मी आहे.

१९ ऑक्टोबर
दिवसभर धो धो. खड्डा टिकला, कापड टिकलं, पेंढा जागचा हलला नाही. मशीनवाले दादा भर पावसात दाढीपाशी पहारा देत होते. ओढा आरशासारखा. साहेब स्वतः येऊन बघून गेले आणि चक्क ‘छान’ म्हणाले.

घरी आले तर ग्लास नेहमीसारखा. पण आज खिडकीशी धरून नीट पाहिला. तळाशी बसलेली माती काळी आहे.

आमची अख्खी टेकडी तांबडी!

२० ऑक्टोबर
आत्या अंघोळीला गेल्यावर पत्रा उचलला. पाणी तळापर्यंत नितळ, खालचे दगड मोजून घ्यावेत. मागच्या पायरीवर गुलाबाची कुंडी. काळ्या मातीत चमचा खोचलेला. चमचा होता तसाच ठेवला, पत्राही.

ताटाशी ग्लास आलाच. “आज कसं आहे गं?” विचारताना माझ्याकडे बघत नव्हती.

“गढूळच आहे, आत्या. बरेच महिने लागतील बघ.”

साइटवरची खोली मशीनवाल्या दादांना देऊन टाकली. बादल्या घेऊन निघते, शेजारचा नळ जाईल.