बाबांचा रकाना

प्रिय चिमे,

पत्र बघून दचकू नकोस, मी धडधाकट आहे. फोनवर तू लगेच रडायला लागतेस, माझं बोलणं राहून जातं, म्हणून लिहितेय. अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय आहेत, चालवून घे.

दुकान उघडलं. पिशव्या शिवायची, चेन बसवायची माझी कामं येतात. चपला-बुटांची गिऱ्हाइकं दारातूनच परत जातात. तुझ्या बाबांची चामडं कापायची रापी त्यांच्या पाटाखाली तशीच आहे.

दुकानाच्या वेबसाइटवर तू तो तक्ता केलास ना, वार एकाखाली एक आणि शेजारी दोन रकाने, एक बाबांचा, एक माझा? ते दवाखान्यात पडल्यावर गिऱ्हाइकांना फुकटचा हेलपाटा नको म्हणून मी त्यांच्या चौकटींत ‘बंद’ लिहायला बसले. तू वहीत लिहून दिलं होतंस, आई, आधी बघ, मग सेव्ह कर. पण मला कुठला दम निघतोय? डबा द्यायची वेळ झालेली. काहीतरी दाबलं, सेव्ह केलं आणि पळाले.

त्या संध्याकाळी डबा घेऊन पोचले, तेव्हा ते पडून होते. मोबाइल उशाशी. दोन घास खाऊन एवढंच म्हणाले, की आता दुकानात तुला ऐसपैस झालं असेल. मला वाटलं, नेहमीचा टोमणा. त्यांचा पसारा माझ्या मशीनपर्यंत यायचा, त्यावरून आमची तीस वर्षं जुंपायची. मीही फटकन म्हणाले, हो, फारच ऐसपैस. पहाटे ते गेले.

आठवड्यानं कॉम्प्युटर उघडला, तर बाबांचा रकानाच नाही. माझा एकटीचा या कडेपासून त्या कडेपर्यंत पसरलेला.

परत घालायला चार दिवस लागले. आधी आडवी ओळच आली. मग रकाना आला, तो माझ्या उजवीकडे. ते कायम डावीकडे, दाराशी बसायचे. पुन्हा काढला, पुन्हा घातला. आता जागेवर बसलाय. सातही चौकटी कोऱ्या आहेत, ‘बंद’ लिहवत नाही.

पडल्या पडल्या ते रोज तो तक्ता उघडून बघायचे, हे तूच सांगितलंस. त्या संध्याकाळी मी निघाल्यावर त्यांनी तुला फोन केला होता. काय बोलले, ते विचारायची माझी छाती झाली नाही. आता विचारते. त्यांनी पाहिलं होतं का गं? मी त्यांना काढून टाकलं, असं समजून गेले का? माझं मन राखायला खोटं लिहू नकोस. असेल ते लिही. मी वाचेन.

तुझीच,
उतावळी आई