डावा काठ

२ मार्च
सासऱ्यांनी आज दोन्ही जावयांना बोलावून घेतलं. गावाबाहेरची जमीन दोन मुलींना द्यायची आहे. मधून ओढा वाहतो. एक काठ थोरलीला, एक धाकटीला. मी थोरला जावई, म्हणून आधी निवड माझी. मे महिन्यात उत्तर द्यायचं.
साडू म्हणाला, आम्हाला कुठलाही चालेल. असल्या माणसांमुळेच जमिनीची धूप होते.
घरी येताना ही म्हणाली, अंजिराचा काठ घ्या. ते अंजीर तिने शाळेत असताना लावलं. त्याच्या सावलीत घर बांधायचं तिने केव्हाच ठरवून टाकलं आहे. मी म्हटलं, भावना बाजूला. निवड सायंटिफिक होईल.
उद्यापासून भूशास्त्राची उजळणी. शाळेत मला हा विषय होता. मार्क आठवत नाहीत, म्हणजे चांगलेच असणार.

३ मार्च, पहाटे
टाइमटेबल तयार. आधी खनिजं, मग खडक, मग माती, शेवटी ओढे आणि नद्या. पाणी शेवटी ठेवलं. पाण्याचं काय, ते वाहतं.

३ मार्च, सकाळी, बरीच उशिरा
टाइमटेबल करून डोळा लागला. उद्यापासून.

९ मार्च
खनिजं सुरू. मीठ हे खनिज आहे. जेवताना म्हटलं, आज भाजीत खनिज कमी आहे. हिने मिठाची बरणी पुढे सरकवली.

१५ मार्च
कठीणपणा. नखाने ओरखडा उठला तर खनिज मऊ. क्वार्ट्झ मात्र काचेवरही ओरखडा काढतो. हे नुसतं वाचून पटत नाही. एक पांढरा खडा आणून टीपॉयच्या काचेवर ओढला. पुस्तक बरोबर आहे.
ही म्हणाली, मला न ओढताही पटलं असतं.

२८ मार्च
दुकानात इतकी वर्षं फरशी विकतो आहे, म्हणजे खडकांचा माझा अर्धा अभ्यास नोकरीतच झालेला. आज गिऱ्हाइकाने विचारलं, ही फरशी कशाची. मी म्हटलं, रूपांतरित खडक. खोल जमिनीत उष्णता आणि दाबाखाली तयार होतो. त्याने खोका उलटा केला. त्यावर कारखान्याचा पत्ता होता. मी म्हटलं, भट्टीतही उष्णता आणि दाब असतोच. तो दुसऱ्या दुकानात गेला.
मालक म्हणाले, तुम्ही फक्त साइझ सांगत जा.

१९ एप्रिल
खडक रेंगाळले. त्यांना घाई चालत नाही. माती वगळली. माती म्हणजे झिजलेला खडकच, उगाच दोनदा कशाला वाचायचं.

१ मे
ओढे आणि नद्या. पहिलं पान नुसत्या व्याख्यांचं. व्याख्या मुलांसाठी असतात. सोडलं.
दुसऱ्या पानावर मात्र सोनं सापडलं. ओढा वळण घेतो तिथे पाणी बाहेरच्या काठावर आदळतं आणि तो काठ खात जातं. खाल्लेला गाळ पुढे वळणाच्या आतल्या काठावर टाकतं. म्हणजे आतल्या काठाचा मालक झोपला तरी जमीन वाढते.

२ मे
प्रत्यक्ष पाहणी. रस्त्यावरच्या छोट्या पुलावर उभा राहिलो. पाणी समोरून माझ्याकडे येत होतं. येणाऱ्याकडे तोंड करून उभं राहावं, पाठ दाखवू नये. वळण स्पष्ट दिसलं. आतला काठ माझ्या डाव्या हाताला. त्यावर वाळू, वाळूच्या वर अंजीर. उजवीकडचा काठ उंच, पण पोखरलेला.
योगायोगाने हिचंही म्हणणं तेच निघालं. तिला श्रेय देणार नाही. तिच्याकडे सिद्धांत नाही.

४ मे
निवड झाली. सगळे सासऱ्यांच्या बैठकीत. त्यांची उभी नोकरी कालव्यांच्या खात्यात गेली, तेव्हा त्यांच्यासमोर शास्त्रीय भाषाच हवी. मी उभा राहिलो आणि म्हणालो, डावा काठ.
ही कानाशी पुटपुटली, डावा म्हणजे अंजिराचाच ना. मी म्हटलं, शास्त्रात अंजीर म्हणत नाहीत.
सासऱ्यांनी चष्मा काढून दोनदा विचारलं, जावईबापू, नक्की? त्यांना ही झेप अपेक्षित नसावी. साडूने माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाला, साडूबुवा, एवढं मोठं मन मी पाहिलं नाही. हरलेल्या माणसाने इतकं छान बोलावं, मला कौतुक वाटलं.

११ मे
सगळे ओढ्यावर. सासऱ्यांनी स्वतः खुंट्या ठोकल्या. आमच्या भलत्याच काठावर ठोकल्या.
वय झालं की होतं. हळूच म्हटलं, डावा म्हणालो होतो. म्हणाले, हा डावाच. मी म्हटलं, तो. मग त्यांनी मला खांद्यांना धरून फिरवलं, पाणी जातं तिकडे तोंड केलं आणि म्हणाले, आता डावा हात वर करा.
केला.
बराच वेळ वरच राहिला.
साडू म्हणाला, चुकून झालं असेल तर बदलू की, त्यात काय. सगळे माझ्याकडे बघत होते. हिने माझी बाही धरली होती. मी म्हटलं, चूक कसली. डावा मी ठरवून घेतला. अंजीर मऊ गाळावर आहे, आमचा काठ उंच आणि खडकाळ. थोडं विवेचनही केलं. साडू म्हणाला, मग प्रश्नच मिटला.
हिने बाही सोडली. परतताना गाडीत मागे बसली. पुढची सीट रिकामी होती.

१२ मे
सोडलेलं पान वाचलं. प्रवाह जिकडे जातो तिकडे तोंड करून उभं राहिल्यावर डाव्या हाताला येतो तो डावा काठ. पहिल्याच ओळीत आहे. इतकी महत्त्वाची गोष्ट पहिल्या ओळीत टाकली तर ती कोण वाचणार? पुस्तकाची रचनाच सदोष.

१८ मे
काठाची कठीणपणा चाचणी. नखाने ओरखडा उठला. माझी नखं मुळातच कडक आहेत.
नंतर बोटानेही खड्डा पडला. तो भाग अपवाद समजावा.

१ जून
ही घरात माझ्याशी फक्त कामापुरतं बोलते. दूध आलं. बिल आलं. तिच्यासाठी आमच्या काठावर लाकडी बाक नेऊन ठेवला. तिथून अंजीर समोर दिसतं. सावली पलीकडे पडते, पण दृश्य इकडूनच चांगलं. असं तिला समजावलं. म्हणाली, तुम्हीच बघा.

२२ जून
ओढ्याला पाणी चढलं. एक खुंटी गेली. सासऱ्यांना कळवलं की ती सैल ठोकली होती.

६ जुलै
काठ बाकापासून हातभर अंतरावर आला. बाक मागे घेतला. ही माघार नाही, बाकाची पुनर्रचना आहे.
साडूला सहज फोन केला. म्हटलं, तुला पुन्हा विचार करायचा असेल तर मी मोठ्या मनाने बदलायला तयार आहे. म्हणाला, साडूबुवा, आधी बोलायचं होतं, अंजिरापाशी पाया खणून झाला.
ही दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं. मी फोन ठेवल्यावर म्हणाली, त्या दिवशी नुसतं चुकलो म्हणाला असतात तर काय झालं असतं.
मी पुस्तकाची अनुक्रमणिका दोनदा पाहिली.

२० जुलै
बाक गेला. मोठा तुकडा सुटला आणि त्याच्यासकट खाली. ओढ्याने बाक उचलला, पुढे नेला आणि साडूच्या वाळूत सरळ उभा करून ठेवला. दुसऱ्या पानावर लिहिलं होतं तसंच. सिद्धांत माझा बरोबर होता, हे आता साडूनेही मान्य करायला हरकत नाही.
फोन करून कळवलं. म्हणाला, वाळूही बरीच आली आहे, धन्यवाद.

३ ऑगस्ट
धाकटीने सगळ्यांना अंजिरापाशी बोलावलं होतं. मी मुद्दाम आमच्या काठावर गेलो, मालकाने हजर असावं म्हणून. उभं राहायला जागा शोधावी लागली.
पलीकडे ही बाकावर बसली होती. अंजिराची सावली थेट तिच्यावर. बाक माझा. खालची वाळू तत्त्वतः माझीच. ती बहिणीशी कशावरून तरी हसत होती. मार्चपासून तिचं हसणं ऐकलं नव्हतं. इकडून शब्द कळत नव्हते.
पायाखालून थोडं ढेकूळ सुटलं. मी पुलावरून वळसा घालून पलीकडे गेलो.
धाकटी चहा आणायला उठली. मी बाकाजवळ उभा राहिलो. म्हटलं, चुकलो. मोठ्याने म्हणायचं होतं, पण ओढ्याचा आवाज फार होता. ही म्हणाली, कळलं. आणि थोडी सरकली. मी बसलो.
सासरे काठी टेकत आले. म्हणाले, जावईबापू, आत्ता तुम्ही कुठल्या काठावर आहात?
मी उठलो. पाणी जातं तिकडे तोंड केलं. दोन्ही हात नीट पाहून घेतले. म्हटलं, उजव्या.
म्हणाले, बरोबर.
ही म्हणाली, बसा आता.