तेल उतरेपर्यंत

अण्णा, तुमच्या गाडीचा आवाज एकदाचा गेला. पण त्या आवाजापायी आईने मला एक गोष्ट विचारली आणि तिचं उत्तर फक्त तुम्हाला ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले. तुम्ही जाऊन आता इतकी वर्षं झाली की घरात तुमचा विषय निघाला तरी कुणी डोळे पुसत नाही. गाडीचा विषय निघाला की मात्र अजून पुसतात.

इतकी वर्षं गाडी मी मारतहळ्ळीला ऑफिसात नेत होते. गेल्या वर्षी रिंग रोडच्या ट्रॅफिकपुढे हात टेकले आणि ती शहराच्या उत्तर टोकाला, येलहंक्याला आईच्या दारात, तुमच्याच पोर्चमध्ये आणून लावली. रविवारी मी येते, आईला देवळात नेते, मंडईत नेते, कधी देवनहळ्ळीला तिच्या मैत्रिणीकडे सोडते. ती पुढच्या सीटवर पर्स मांडीवर घेऊन बसते, तुमच्या शेजारी बसायची तशीच. आणि मग या उन्हाळ्यात इंजिनाने टकटक सुरू केली. गॅरेजवाला म्हणाला, अक्का, एवढ्या जुन्या गाडीचं इंजिन कशाला खोलता, भंगारात देऊन टाका. हे आईच्या समोर म्हणाला हो! घरी आल्यावर ती जेवली नाही. "गाडी गेली की दार रिकामं," एवढंच म्हणाली आणि पानावरून उठली. तेव्हाच मी ठरवलं की काही झालं तरी हा आवाज शोधायचा.

शोधायचा म्हणजे काय, अण्णा, तुम्ही कारखान्यात जन्मभर इंजिनांचे आवाज ऐकलेत, तुम्हाला त्यात काय. मला नाकी नऊ आले. वळणावर टकटक, चढावर टकटक, सिग्नलला उभी राहिली की जास्तच. गॅरेजच्या दारात नेली की चिडीचूप. तो बॉनेटमध्ये डोकं घालून म्हणायचा, "सौंड इल्ला, अक्का," म्हणजे आवाजच नाही, आणि माझ्याकडे असा बघायचा जणू आवाज माझ्याच डोक्यात आहे. परत निघाले की पहिल्याच चौकात टकटक हजर. एवढी सोंगाडी गाडी तुम्ही कुठून पसंत केलीत? दुसऱ्या एका मोठ्या वर्कशॉपमध्ये नेली तर तिथला मुलगा टॅपेट म्हणाला, त्याचा साहेब बेअरिंग म्हणाला आणि दोघांनी मिळून इंजिन खोलायचं ठरवलं. मी गाडी घेऊन पळ काढला. शेवटी तुमचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला. त्याचं टोक इंजिनावर टेकवून मूठ कानामागे लावली, तुम्ही लावायचात तशी. लहानपणी तुम्ही विचारायचात, "आलं ऐकू?" आणि मी मान डोलवायचे. आताही सगळं ऐकू आलं. कळलं मात्र काही नाही.

तेलाचं तर विचारूच नका. डिपस्टिक नावाची ती तेल मोजायची पट्टी ज्याने काढली त्याने माणसाचा अंत पाहायचं ठरवलं असणार. एका बाजूने बघावं तर तेल वरच्या खुणेच्याही वर, उलटवून बघावं तर खाली. नवं तेल इतकं स्वच्छ की पट्टीला लागलंय की नाही तेच दिसत नाही. पुसा, घाला, काढा, पुन्हा पुसा. रविवारी सकाळी बघितलं की बहुतेक वेळा वरच दिसायचं, आणि मी मनाशी म्हणायचे, पोर्चला उतार आहे, त्यामुळे असेल. उताराचं आणि थांबायचं तुम्हीच मनावर ठसवलं होतंत ना. मी शाळेत असताना घाईघाईने डिपस्टिक ओढून "तेल कमी आहे" असं ओरडत आत आले होते, तेव्हा तुम्ही केवढे चिडला होतात. "घाई असेल तर इंजिनाला हात लावू नकोस. आत्ता बंद केलंय, तेल सगळं वर अडकलंय. खाली उतरू दे त्याला." असं म्हणून तुम्ही स्वयंपाकघरात गेलात. आई चहा टाकायची, तुम्ही ओट्याजवळच्या स्टुलावर बसायचात. चहा पिऊन झाला की बाहेर येऊन, आईचं जुनं पातळ फाडून केलेल्या फडक्याने पट्टी पुसून, मग खरं माप. दर रविवारी हेच. मला सगळं शिकवलंत. आईने एकदा हात पुढे केला तर म्हणालात, "राहू दे, तुझे हात खराब होतील." ती खिडकीतून बघायची.

तर मागच्या आठवड्यात, कामाच्याच दिवशी, मी अचानक येलहंक्याला आले. ऑफिसचं काम घरून करायचं होतं, म्हटलं आईकडूनच करू. मागच्या दाराने आत शिरले तर घरात कुणी नाही आणि बाहेर इंजिन चालू. स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेले. अण्णा, बाहेर तुमच्या जागी आई होती. पदर खोचलेला, बॉनेट वर, हातात ते फडकं. तिने आत वाकून चावी फिरवली, इंजिन बंद केलं आणि लगेच डिपस्टिक ओढली. पुसली, पुन्हा घातली, काढली, उजेडाकडे धरून बघितली. अगदी तुमच्यासारखी मान तिरकी करून! मग स्वतःशीच "कमीच आहे" असं पुटपुटली आणि कॅन उचलून बेताने तेल ओतलं. वर्षभर ती हे करत होती. बॅटरी मरू नये म्हणून मीच तिला मधूनमधून गाडी चालू करायला सांगितलं होतं. तेलाचं तिने आपल्या मनाने सुरू केलं, रविवारी मला त्रास नको म्हणून. तुमचं सगळं तिने बघून बघून पाठ केलं होतं. फक्त मधला थांबा तिला कुणी सांगितला नव्हता. त्या वेळात तर ती चहा करत असायची.

गाडी तशीच गॅरेजमध्ये नेली आणि जास्तीचं तेल काढायला लावलं. बाहेर आलं ते ताकासारखं फेसाळलेलं. इतकं तेल झालं होतं की इंजिन ते नुसतं घुसळत होतं, आणि फेसाने कुठं तेलाचं काम होतं? नवं तेल मापात भरलं आणि टकटक गेली. गॅरेजवाला "सरी, अक्का", ठीक आहे ताई, एवढंच म्हणाला. भंगाराचं नाव परत काढलं नाही त्याने.

घरी येऊन मी आईला सांगितलं. दोष न देता सांगायचं म्हणून हसत हसतच सांगितलं, की बाकी तुझं सगळं बरोबर होतं गं, फक्त मध्ये थांबायचं असतं, म्हणून तर अण्णा चहाला आत यायचे. बोलून गेले आणि तिचा चेहरा बघितला. ती ओट्याशी उभी होती. बराच वेळ ओटा पुसत राहिली, पुसलेलाच.

"म्हणजे तेल उतरायची वाट बघायला यायचे," ती म्हणाली.

मी गाडीची चावी खुंटीला अडकवली.

"सहा दिवस यांच्या शिफ्ट. रविवारी तेवढंच काय ते आम्ही दोघं बसायचो. मला वाटायचं, माझ्यासाठी हात धुऊन आत येतात." मग माझ्याकडे वळून तिने सरळ विचारलं, "तुला तर ते सगळं सांगायचे. कशासाठी यायचे गं?"

अण्णा, मला तुमचा इतका राग आला. अहो, एक वाक्य होतं. थांब जरा, तेल उतरू दे. मला सांगितलंत, तिला का नाही? तिचे हात खराब झाले असते तर झाले असते. आज या वयात, भरल्या ताटावरून उठवल्यासारखं तोंड करून तिने ते विचारलं आणि तिच्या रविवारच्या त्या चहावर मी तेल ओतून बसले होते.

मी म्हटलं, "आई, तेल उतरायला कितीसा वेळ लागतो? कप रिकामा होईपर्यंत उतरतं. ते तर त्यानंतरही बसून राहायचे. मी बाहेरून हाका मारायचे, अण्णा, झालं असेल हो तेल! तरी उठायचे नाहीत."

तिने वळून गॅस पेटवला. चहाचं आधण ठेवलं, दोघींपुरतं, आणि म्हणाली, "हो, हाका मारायचीस खरी." मग रविवारी इंजिन बंद करून आम्ही आत येऊन चहा प्यायलो. मग तिनेच बाहेर जाऊन माप घेतलं. बरोबर वरच्या खुणेला.

हे पत्र मी ठेवणार नाही, तिच्या हाती लागायला नको. कारण मी बाहेर पोर्चमध्ये खेळत असायचे, अण्णा. हाका मारल्याचं मला आठवत नाही, तुम्ही किती वेळ बसायचात तेही आठवत नाही. मी जे सांगितलं ते खरं नसेल, तर तेवढं सांभाळून घ्या.