सूनबाईस, नव्या पत्त्यावर

मंगळवार, १४ ऑक्टोबर

लाडक्या सूनबाई,

खूप आशीर्वाद. नव्या खोलीत रुळलीस का? पत्ता तुझ्या दातांच्या लॅबमधल्या मैत्रिणीकडून मिळवला. तिला रागावू नकोस, मीच हात धुऊन तिच्या मागे लागले होते. माझे गुडघे कुरकुरतात, पण चालतात. शेजारीण तुझी चौकशी करते. मी म्हणते, कामासाठी गेलीय.

तुझ्या नवऱ्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण या घरात दुसरं आहे काय लिहायला?

रविवारी म्हणाला, "आई, ती तुझं ऐकते. परत ये म्हणून तूच लिही ना."

मी म्हटलं, "आधी माझे केस काप."

नट्यांचे आणि मॉडेल्सचे केस करणाऱ्या माझ्या लेकाला चार वर्षांत पहिल्यांदा माझ्या डोक्यासाठी वेळ मिळाला. स्टुलावर बसून मी विचारलं, "ती दिवसभर लॅबमध्ये काय करते, सांग बघू."

"कवळ्या करते."

"आणि?"

मग मीच त्या म्हाताऱ्या मास्तरांची गोष्ट सांगितली. बायकोला आपलं हसू अनोळखी वाटू नये म्हणून त्यांनी कवळीतला पुढचा दात मुद्दाम वाकडा करून मागितला आणि तू त्यावर अख्खी दुपार घालवलीस.

कात्री थांबली. "मला कधी बोलली नाही ती."

"बोलली की. तुझ्यासमोरच, जेवताना. तू फोनमध्ये होतास."

मग म्हणाला, "त्या पार्ट्यांत सगळे गळ्यात पडतात, आई. पण त्यातल्या एकाचंही घर मला ठाऊक नाही. आणि घरी आलो की वाटायचं, तिकडे आपलं काहीतरी राहून जातंय." तो रडला. केस मात्र एका बाजूला आखूड झालेत.

आता माझं. तुमच्या लग्नाच्या वाढदिवसाला त्याने फोटोसाठी तुला अकरा वेळा हसायला लावलं आणि केक तसाच टाकून पार्टीला गेला. तू ओट्याशी येऊन विचारलंस, "आई, माझंच चुकतंय का?" मी म्हटलं, "अगं, पुरुषांचं असंच असतं." आठवड्याने बॅग भरलीस.

तुझं चुकत नव्हतं. मला ते तेव्हाही कळत होतं. पोटच्या पोराला बोल लागेल म्हणून मी तोंड शिवून घेतलं. त्याच्यापेक्षा माझ्या त्या एका वाक्याने तुला जास्त एकटं पाडलं असेल, असं हल्ली वाटतं.

म्हणून परत ये असं मी लिहिणार नाही. त्याला तसं स्पष्ट सांगितलं. तो स्वतः पत्र लिहायला बसलाय. तीन दिवसांत चार ओळी झाल्यात, मी वाचल्या नाहीत. पाठवेल तेव्हा पाठवेल. उत्तर द्यायचं की नाही, ते तुझं तू ठरव. माझ्याकडे बघून काही ठरवू नकोस.

मला मात्र तुझ्याकडे दोन दिवस यायचंय. त्याची वकिली करायला नाही. तुझ्या हातचा चहा प्यायचाय, आणि तू बोलशील ते नीट ऐकायचंय. नको असेल तर तसं कळव, मला वाईट वाटलं तरी राग येणार नाही.

तू त्याची असलीस-नसलीस तरी,
तुझीच,
आई