रोख सोल्वेगला, फंड ड्वेनला

मी आर्डिस ट्वेटन, कै. हार्लन यांची पत्नी, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार नॉर्डाल, विस्कॉन्सिन, हे स्वतःच्या हाताने व स्वतःच्या मर्जीने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. १९६९ सालची गणिताची पदवी आहे. शंका असेल त्याने परीक्षा घ्यावी. यापूर्वीचे माझे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. घर, शेत व छत्तीस गाई माझी मुलगी सोल्वेग हिला. गाई हार्लनपेक्षा मला जास्त कळत. तरी एकतीस वर्षे मी शाळेच्या कचेरीत बसले, कारण घराचा आरोग्यविमा त्या नोकरीला बांधलेला होता. इथल्या बहुतेक शेतांवरून एक जण असा गावात धाडलेला असतो, बहुधा बायकोच.

२. सोल्वेगला नवव्या वर्षापासून मधुमेह. स्वतंत्र विमा मागितला की कंपन्या तोंडावर दार लावत. कायदा बदलला, जुना आजार विचारणे बंद झाले, तेव्हा ती विम्यासाठी धरलेली कारखान्यातली नोकरी सोडून गाईंकडे परतली. त्या कायद्याला नावे ठेवायची असतील त्यांनी माझ्या हयातीत येऊन ठेवावीत.

यंदा जानेवारीत विम्याच्या हप्त्याला मिळणारी सरकारी मदत आटली. तिचा महिन्याचा हप्ता एकशे तीस डॉलरवरून तीनशे पस्तीसवर गेला. त्या रविवारी माझा मुलगा ड्वेन जेवता जेवता म्हणाला, "आई, गाई काढ विकून. सोलीला माझ्या कंपनीत चिकटवतो. विमा फुकटात!"

"फुकटात? आठवड्याचे चाळीस तास काय तू भरणार आहेस तिचे?"

"दादा," सोल्वेग म्हणाली, "तू आपल्या ताटातले बटाटे संपव."

३. म्हणून बँकेतली रोख, सहासष्ट हजार डॉलर, सोल्वेगला. निवृत्तीचा फंड, नव्वद हजार, ड्वेनला. त्याला जास्त मिळाले म्हणून त्याने मिरवू नये. फंडातून काढलेली रक्कम उत्पन्नात धरतात, आणि उत्पन्न ठरलेल्या रेषेपुढे गेले की विम्याची मदत सगळीच्या सगळी जाते. वारशाची रोख धरत नाहीत. ड्वेनचा विमा कंपनी देते. त्याला रेषेचे भय नाही.

४. हे मला ठेच लागून कळले. वासरे शरद ऋतूत विकायची आणि कर टाळायला पैसे जानेवारीत घ्यायचे, ही इथली जुनी रीत. एका वर्षी मीच सोल्वेगला म्हटले, "व्यापाऱ्याला सांग, पैसे जानेवारीत दे." पुढच्या वर्षी गोठ्याचे छप्पर उडाले, तेव्हा तिने त्या सालचे पैसे डिसेंबरातच घेतले. दोन वर्षांची वासरे एकाच वर्षात मोजली गेली. रेषा चारशे बारा डॉलरने ओलांडली आणि वर्षभराची मदत परत करावी लागली. चूक माझी होती. तिने कधी बोलून दाखवले नाही. मी इथे लिहून ठेवते.

५. हार्लनची पान्यांची पेटी ड्वेनला. करवत अकरा वर्षे त्याच्याकडेच आहे.

६. ड्वेनने या वाटणीविरुद्ध कोर्टात पाऊल टाकल्यास त्याचा फंड गावच्या अग्निशमन दलाला जावा. त्यांना नवा पंप हवाच आहे.

७. सोल्वेग, पासष्टीला सरकारचा म्हाताऱ्यांचा विमा लागू होईल. तोवर सोळा वर्षे आहेत. हप्ता वाढणार, हे मी धरून चालले आहे. रोख कमी पडली तर मागचे रान वीक. विम्यासाठी गावात नोकरीला मात्र जायचे नाही. या घरातून एक बाई गेली, तेवढे पुरे.

आम्हा तिघांच्या सह्या एकमेकांसमोर झाल्या. दोन्ही साक्षीदारांना यातला छदामही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे.

सही: आर्डिस ट्वेटन
साक्षीदार: मार्लिस ओडेगार्ड, शेजारीण
साक्षीदार: वर्नन क्लेमेट, शाळेच्या बसचा चालक
नॉर्डाल, ९ मार्च २०२६