लोकर कातरणाऱ्यांची चाल

सर, तुमची ती चाल तुमची नव्हती. हे तोंडावर ऐकायला तुम्ही आता नाही, म्हणून मनसोक्त सांगते.

दर रविवारी सकाळी इथे परदेशात, सेरंगूनला आमचं एक मंडळ जमतं. सगळी हौशी माणसं, ज्याचं त्याचं वाद्य. माझं अर्थात व्हायोलिन. त्यात एक ऑस्ट्रेलियन आजोबा आहेत, तुआसच्या गोदीत जहाजदुरुस्तीत उभी हयात गेलेले. गेल्या महिन्यात त्यांनी आपला हातात मावणारा छोटा बाजा उघडला आणि मेंढ्यांची लोकर कातरणाऱ्या मजुरांचं एक जुनं गाणं सुरू केलं. दुसऱ्या ओळीला माझा गज आपोआप चालायला लागला. सर, तीच! तुम्ही आम्हाला शिकवलेली, "मी बांधली" म्हणून मान ताठ करून वाजवलेली. आजोबा थांबले. "तुला कशी येते?" म्हटलं, माझ्या सरांची आहे. ते खो खो हसले. "शब्द आमच्या कातरणाऱ्यांचे. चाल बोटीतून आलेल्या आयरिश लोकांनी आणली. त्यांना विचार, ते स्कॉटलंडकडे बोट दाखवतील. बांधली कुणी, कुणालाच ठाऊक नाही."

मला राग आला, आणि तो तुमचाच. कारण मला तो दिवस आठवतो. मी बारा वर्षांची. बाहेरच्या खोलीत तुमचे वडील झोपलेले, म्हणून शिकवणी स्वयंपाकघरात, काकूंच्या कुकरशेजारी. दुसऱ्याच एका बुवांची ऐकून उचललेली बंदिश मी ऐटीत वाजवते आहे. तुम्ही हातातून गज काढून घेता. "कुणाची ते आधी सांग. कानाला हात लाव, नाव घे, मग वाजव. नाहीतर ती उचलेगिरी." मी रडले, काकूंनी हातावर लाडू ठेवला, तरी त्या दिवशी तुम्ही गज दिला नाहीत. आणि स्वतः? तरुणपणी पुण्याच्या कँपातल्या हॉटेलात वाजवायचात, तिथेच कुणाकडून तरी घेतली असणार. आम्हाला शिस्त आणि स्वतःला सूट!

आठवडाभर धुसफुसले. मग दोन्ही चाली एकापाठोपाठ वाजवून पाहिल्या. तिसऱ्या ओळीत आजोबांचा सूर टुणकन उडी मारतो. तुम्ही तिथे मींड घेऊन कोमल निषादावर रेंगाळता. ते रेंगाळणं ना आयर्लंडचं, ना ऑस्ट्रेलियाचं. ते तुमचंच, पैजेवर सांगते. ज्या ज्या घरी ती चाल राहिली, तिथली थोडी थोडी होत गेली.

परवा कम्युनिटी क्लबात आमचा कार्यक्रम झाला. प्रत्येकाने आपल्या गाण्याचं मूळ सांगायचं होतं. तुमची अब्रू माझ्या हातात होती. मी माइक घेतला, कानाला हात लावला आणि सांगितलं: बहुधा स्कॉटलंड, मग आयर्लंड, मग लोकर कातरणारे, मग पुण्याचे माझे सर. तुमचं पूर्ण नाव घेतलं. "मी बांधली" तेवढं गाळलं. तिसऱ्या ओळीला आजोबांनी डोळे मिटून मान डोलावली.

सेंगकांगला घरी परतताना एलआरटीच्या गाडीत माझी दहा वर्षांची लेक शेजारी बसली होती. इथल्या मुलांसारखा शेवटी हेल काढून म्हणाली, "बट आई, यू टोल्ड मी यू मेड दॅट वन, लेह."

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणून लिहिते. खरं आहे, मीच तिला तसं सांगितलं होतं. चाल ऐकताना ती पहिल्यांदाच माझ्याकडे इतकं भान हरपून बघत होती, आणि त्या नजरेपुढे तुमचं नाव घ्यायला माझी जीभ वळली नाही, सर.